पासंग

आमच्याकडे विमानाला बालुस म्हणतात,
म्हणजे रानकबुतर.
ते येतंय हे आधी कुत्र्यांना कळतं, मग पोरांना,
मग मला,
आणि मी चर्चच्या पडवीतून वजनकाटा ओढत आणतो.

धावपट्टी म्हणजे डोंगराच्या पाठीवरचं गवत.
वर कडा, खाली दरी.
उतरायचं ते चढावर, चढायचं ते उतारावर,
तिसरी तऱ्हा नाही.
म्हणून इथे माणसापेक्षा किलोला मान.

त्या मंगळवारी
कॉफीची सात पोती, दोनशे ऐंशी.
इलाय मास्तर, पगार आणायला निघालेले,
बुटांसकट एकसष्ट.
हात मोडलेला पोरगा, बांधलेल्या फळीसकट चोवीस.
येरिम म्हातारी त्रेचाळीस.

तिची जाळीची पिशवी तेवढी मी धरली होती.
‘धर रे जरा,’ म्हणाली आणि काट्यावर चढली.
पिशवीत रताळी, रताळ्यांखाली डुकराचं पिल्लू,
झोपलेलं, ऊबदार,
लेकीच्या सासरी न्यायचं.
उतरली, पिशवी परत घेतली.
मी हातात धरलेलं कुणाच्याच नावावर चढत नाही.
अकरा किलो.
मनगटाला कळलं होतं,
वहीला नाही कळलं.

गिडिऑन वापीनं न वाचताच सही केली.
म्हणाला, तुझा आकडा असला
की मी डोळे मिटून उडतो.

चुना फासलेले दगड आहेत कडेला, मोजून नऊ.
सहाव्याशी चाकं सुटली.
आठव्याशी इंजिन खोकलं,
एकदाच, म्हातारा बोलता बोलता थांबावा तसं,
आणि मग
खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

इतक्या वर्षांत तिथे उभं राहून
मी ते पाणी कधी ऐकलं नव्हतं.

पंख डावीकडे कलले.
खाली दोन बाया रताळी खणत होत्या,
त्यांना चुकवलं त्यानं,
वाफे ओलांडले, सुरूची झाडं नाही ओलांडता आली.

आम्ही घसरत, पडत पोचलो
तेव्हा दार उघडं होतं
आणि सगळ्यांत आधी बाहेर आलं होतं ते पिल्लू.
उकरलेल्या वाफ्यात उभं राहून
खात होतं.
हिरव्या कॉफीच्या बिया सगळीकडे,
जणू कुणी पेरणीच केली.
मास्तरांच्या तोंडात माती. पोराचा दुसरा हातही गेला.
म्हातारी शिव्या देत होती, म्हणजे ठीक होती.
गिडिऑन पुढच्या काचेशी बसून
आपल्या उजव्या पायाकडे बघत होता,
परक्याच्या पायाकडे बघावं तसा.

महिन्याभरानं दोन माणसं आली हेलिकॉप्टरनं.
इंजिन उघडलं, कापडावर मांडलं,
बोटाएवढा तुटलेला वॉल्व्ह मला दाखवला.
हा, म्हणाले. दुसरं काही नाही.
वही पाहिली. बेरीज तपासली.
वजन मर्यादेत, असं लिहिलं.
मी म्हणालो, अकरा किलो जास्त असते तर?
ते हसले. अकरा तर पासंगालाही पुरत नाहीत.

असेल.
पण सुरूची ती झाडं
शेंड्यापासून दोन हात खाली मोडलीत.
दोन हात म्हणजे किती किलो,
हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

आता दर फेरीला मी अकरा जास्त लिहितो.
कुणाच्याच नावावर नाही, नुसते अकरा.
कॉफीवाले कुरकुरतात, एखादं पोतं मागे राहतं.
नवा वैमानिक पोरगेलासा आहे, हिशोबात पक्का.
म्हणतो, काका, तुमच्या काट्यात खोट आहे.
मी म्हणतो, आहे.

गिडिऑन गावात असतो म्हणे, किनाऱ्याकडच्या,
रेडिओवर इतरांना हवामान सांगतो.
माझ्या धावपट्टीचं सांगताना
त्याचा आवाज बदलत नाही. मी ऐकतो रोज.

काल येरिम आली. लेकीला नातू झालाय.
मी हात पुढे केला पिशवीसाठी.
तिनं दिली नाही.
पिशवीसकट काट्यावर उभी राहिली,
समोर दरीकडे बघत,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत.